खोंड जुवाला लावताना: कासरा ओढायचा कधी आणि सोडायचा कधी

भाताची मळणी उरकली की बेळगावजवळच्या खानापूरकडच्या शिवारात दरवर्षी एक देखावा हमखास दिसतो. रिकाम्या वाफ्यात दोनदाती खोंड (अजून कामाला न लागलेला जवान बैल), पुढं कासरा (त्याला बांधलेला दोर) ताणून धरलेला एक जण, मागं काठी घेतलेला दुसरा आणि बांधावर सल्ला देणारे चौघे. पुढचा ओढतो, मागचा हाणतो, खोंड चारी पाय रोवून उभं. अर्ध्या तासानं माणसं दमतात, कासरा सैल सोडतात आणि तंबाखू मळायला बसतात. खोंडाचा त्या दिवसाचा धडा तेवढ्यात पुरा झालेला असतो: पाय रोवून उभं राहिलं की सुटका होते. दुसऱ्या दिवशी ते आणखी घट्ट रोवतं आणि मग 'जातच आडमुठी आहे' म्हणून त्याचा निकाल लागतो.

खोंड आडमुठं नसतं. शिकवलं ते शिकलेलं असतं. पॉवर टिलर आला तरी लहान वाफ्यांना अजून बैल लागतो, आणि दरवर्षी चारदोन चांगली खोंडं याच चुकीपायी बाजार दाखवली जातात, म्हणून हे सगळं टप्प्याटप्प्यानं लिहितोय. राखणीच्या कुत्र्याला किंवा पहिलारू (पहिल्यांदा व्यालेल्या) गाईला धारेची सवय लावायची असेल तरी क्रम साधारण हाच. अवजारं तेवढी वेगळी.

कामाला लागण्याआधी: जनावर शिकतं कसं

तीन वाटा आहेत, आणि तिन्ही एकाच वेळी चालू असतात.

पहिली जोडीची. पेंडीच्या बादलीची कडी वाजली की गोठ्यातली सगळी डोकी वळतात. कडीत खायला काही नाही, पण कडीनंतर पेंड येते हे पाठ झालंय. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हची कुत्री खाण्याआधीच्या आवाजालाच लाळ गाळायला लागली, ती हीच गोष्ट. तशीच उलटी बाजू: इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांच्या मोटरसायकलचा आवाज दोनदा ऐकलेली म्हैस तिसऱ्यांदा दावं तोडायला बघते. भीतीची जोडी एकदोन वेळांत बसते, सुटायला महिने लागतात.

दुसरी वाट फळाची. जनावर काहीतरी करतं, त्याच्या पाठोपाठ बरं काही घडलं तर ते पुन्हा करतं. मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइकनं १८९८ मध्ये मांजरं पेटीत कोंडून हेच दाखवलं होतं. खिटी दाबून सुटका झालेलं मांजर पुढच्या खेपेला खिटीकडं लवकर जायचं. आता यातली मेख बघा. 'बरं काही' म्हणजे गूळच असला पाहिजे असं नाही. त्रास थांबणं हेसुद्धा बरंच. वेसणीवरचा ताण जाणं खोंडाला गुळाच्या खड्याइतकंच गोड लागतं. म्हणून ताण हा प्रश्न आणि ढील हे उत्तर. नुसतं ओढत राहणारा माणूस एकच प्रश्न शंभरदा विचारतो आणि उत्तर बरोबर आलं तरी मान हलवत नाही.

तिसरी वाट बघण्याची. तिच्याबद्दल चौथ्या टप्प्यात बोलू, कारण तिच्याविषयी गावात जरा जास्तच दंतकथा आहेत.

> ध्यानात ठेवा: फळ लगेच मिळालं तरच पोचतं. 'एक' म्हणायला लागतो तेवढाच वेळ. पाच सेकंदांनी दिलेला गूळ हा पाच सेकंदांनंतर खोंड जे करत होतं त्याचा गूळ. काठीचंही तसंच. उधळून परत आलेल्या बैलाला मारलं तर मार परत येण्याचा बसतो.

तयारी

वय. दोनदाती, म्हणजे साधारण दोन ते अडीच वर्षांचं खोंड बरं. अदंताला (अजून दुधाचेच दात असलेल्याला) हाताची सवय लावा, कासरा दाखवा, पण ओझं नको. चौसा (चार मोठे दात आलेला) झाल्यावर सुरुवात केली तर शिकतं, पण अंगात इतकी ताकद आलेली असते की तुमच्या चुका तुम्हालाच महागात पडतात.

वेसण टोचलेली जखम पूर्ण वाळलेली असावी. खच्चीकरण करायचं असेल तर ते आधी जनावरांच्या दवाखान्यात करून घ्या आणि सूज उतरेपर्यंत थांबा. दुखऱ्या नाकावर कासऱ्याची भाषा शिकवता येत नाही, कारण तिथं ढील दिली तरी ठणका थांबत नाही.

हंगाम मळणीनंतरचा, संक्रांतीच्या आगेमागेचा. सकाळी गारवा असतो, जमीन कोरडी असते. बेळगावकडं भाताच्या ओलीवर मसूर-वाटाणा टाकतात, तर न पेरलेला एक वाफा आधीच राखून ठेवा. पावसाळ्यात, चिखलणीच्या घाईत, नवं खोंड शिकवायला काढू नका. घाईत ढील द्यायचं कोणालाच सुचत नाही.

सामान: म्होरकी (तोंडाला बांधायची दोरी), सुती दोराचे दोन कासरे (नायलॉन हात कापतो आणि नाकही), हलकं जू, गुळगुळीत शिवळा (जुवाच्या टोकाच्या खुंट्या), गोणपाटाचे दोन तुकडे, ओढायला ओंडका आणि खिशात हरभऱ्याएवढे गुळाचे खडे. पराणी (टोकदार काठी) घरी ठेवा. टोकदार काठीनं टोचायला १९६५ च्या मालवाहू जनावरांच्या नियमांनी बंदीच आहे. कायदा बाजूला ठेवला तरी टोचणीनं खोंड एवढंच शिकतं की मागून माणूस आला की पळायचं.

माणूस एकच. पहिले तीन आठवडे कासरा एकाच्या हातात. घरातल्या तिघांचे तीन शब्द आणि तीन तऱ्हांचे हात असले तर खोंडानं कोणाचं ऐकायचं?

आणि एक जाणता बैल, शांत आणि खोडी नसलेला. आपला नसला तर सावडीनं (कामाच्या अदलाबदलीत) कोणाचा मिळतो का बघून ठेवा.

टप्पा १: हाताची ओळख (पाच ते सात दिवस)

1. खोंडाच्या बरोबर मागून जाऊ नका. गुरांना दोन्ही बाजूंचं खूप दिसतं, पण पाठीमागचा एक पट्टा अजिबात दिसत नाही. खांद्याच्या बाजूनं, तोंडानं काहीतरी बोलत जा.
2. खांद्यावर तळहात ठेवा. ते थरथरेल, कातडी उडवेल. हात तसाच ठेवा, दाबू नका. कातडी शांत झाली, की हात काढा.
3. मग वशिंडामागं, मानेवर जू बसतं तिथं, पुढच्या पायाला, पोटाखाली. रोज एखादी नवी जागा.
4. हाताला शांत राहायला लागलं की गोणपाटाचा तुकडा. आधी हुंगू द्या, मग मानेवर टाका, शांत उभं राहिलं की काढा.

दुसऱ्या पायरीतलं 'शांत झाली, की हात काढा' हे वाक्य पुन्हा वाचा. बहुतेकांचं इथंच बिनसतं. खोंड उडी मारतं, आपण दचकून हात मागं घेतो. झालं, उडी मारली की हात जातो हे ते शिकलं. उडी मारली तर त्याच्याबरोबर एक पाऊल सरका, हात तिथंच राहू द्या, शांत झाल्यावर काढा.

> गुळाविषयी सावधान: खिशाला नाक लावून ढोसणाऱ्या खोंडाला 'घे बाबा' म्हणून खडा देऊ नका. आज ते नाक लावतं, चौसा झाल्यावर शिंग लावेल. तोंड बाजूला वळवून उभं राहिल्यावरच द्या.

पडताळा: मोकळ्या दाव्यावर उभ्या खोंडाच्या मानेवर गोणपाट टाकून दहा पावलं लांब जा. ते चारा खात राहिलं तर पुढं चला. खाणं थांबवून कान मागं टाकले तर आणखी दोन दिवस इथंच.

टप्पा २: कासऱ्याची भाषा

सगळा लेख वाचायला वेळ नसेल तर हा एक टप्पा वाचा. पुढचं यावरच उभं आहे.

सुरुवात म्होरकीवर करा, वेसणीवर नको. खोंडाच्या डाव्या खांद्याशी, त्याच्यापेक्षा अर्धं पाऊल पुढं उभे राहा. तोंडासमोर उभं राहून ओढणारा माणूस खोंडाला भिंतीसारखा दिसतो.

1. कासरा हळूहळू ताणा, हातात एखादा तांब्या धरल्यासारखा. झटका नको.
2. तेवढाच ताण धरून ठेवा. वाढवू नका, सोडूही नका. खोंड मान वर करेल, मागं रेटेल, इकडंतिकडं बघेल. तुम्ही खांब.
3. एका क्षणी ते वजन पुढं टाकेल. पाय उचलेलच असं नाही. मान खाली येईल, पुढच्या खांद्याचा स्नायू हलेल. त्याच क्षणी कासरा पूर्ण सैल, लोंबेल इतका. 'शाबास' म्हणा, खांदा खाजवा.
4. पाचसहा श्वास थांबा. पुन्हा ताणा.
5. वजन पुढं टाकायला लागलं की आता पाऊल उचलल्यावरच ढील. मग दोन पावलांवर. मग पाच.

पहिल्या दिवशी दहा मिनिटं सकाळी, दहा संध्याकाळी. बास. गोठ्याच्या भिंतीवर मी कोळशानं रोज एक रेघ ओढतो, किती पावलांवर थांबलो तो आकडा शेजारी. त्यानं अंगातली घाई आवरते.

थांबणंही असंच. चालता चालता तुम्ही थांबा, कासरा मागं ताणा, खोंड थांबलं की सोडा. आणि मागं सरणं शिकवायला विसरू नका. मागं सरता न येणारा बैल गाडीला जुंपला की एकदा तरी गाडी खड्ड्यात घालतो.

माझी चूक सांगतो. पहिलं खोंड शिकवत होतो तेव्हा ते तिसऱ्या पावलाला थांबायचं आणि मी कासरा आणखी ओढायचो. मामा बांधावर बसले होते. "काय करालास रे?" म्हणाले. "चालवतोय." "चालवतोयस कुठं, ते चाललं तरी तू ओढतोयसच की. चालून त्याला काय मिळालं?" मग ते उठले आणि खोंडाच्या ऐवजी कासऱ्याचं टोक माझ्याच मनगटाला बांधलं. ओढलं, मी पाऊल टाकलं, त्यांनी ओढतच ठेवलं. चौथ्या पावलाला माझा हात आपोआप मागं गेला. तेवढ्यात कळलं. आजही कोणाला कासरा शिकवायचा झाला तर मी आधी त्याच्या मनगटाला बांधतो.

> नको ते: ताण धरलेला असताना खोंड मागं रेटत असेल आणि त्याच वेळी तुमचा हात दमला, तर काय कराल? सोडू नका. कासरा खांबाला एक वेढा देऊन धरा, ते जरा जरी पुढं आलं की सोडा. खांब जवळ नसेल तर त्या दिवशी ताणच हलका ठेवा, पेलवेल एवढा. दमून सोडलेला कासरा हा खोंडाचा विजय असतो आणि तो ते विसरत नाही.

पडताळा: दोन बोटांनी धरलेल्या कासऱ्यावर खोंड चाललं, थांबलं आणि दोन पावलं मागं सरलं, तर वेसणीच्या कासऱ्यावर हेच सगळं पहिल्यापासून करा. तीनचार दिवसांत होईल.

टप्पा ३: शब्द

शब्द आधी, ताण नंतर. दोन्ही एकदम दिले तर जनावर ताणच ऐकतं, शब्द वाया जातो. जिभेनं 'च्यक्‌च्यक', एक श्वास थांबा, मग कासरा. 'होऽ', एक श्वास, मग मागं ताण. चारपाच दिवसांनी शब्दावरच पाय उचलायला लागतं, कारण ताण येण्याआधी चाललं तर ताण येतच नाही हे त्याला कळतं. इथं जोडीची वाट आणि फळाची वाट एकत्र येतात.

डावी-उजवीचे शब्द गावागणिक वेगळे. तुमच्या आळीत चालतात तेच घ्या, म्हणजे उद्या इर्जिकीत (सगळ्यांनी मिळून करायच्या कामात) दुसऱ्यानं बैल हाकला तरी अडणार नाही. शब्द थोडे आणि तोडून बोललेले असावेत. 'अरं चल की रं माझ्या राजा, किती वेळ' या सगळ्यातून खोंडाला काही निवडता येत नाही.

आता आपल्या सीमाभागाचा खास प्रश्न. सौंदत्ती-गोकाककडून आणलेला बैल कन्नडात शिकलेला असतो. 'बा' म्हटलं की येतो, 'नडि' म्हटलं की चालतो, 'निंद्रु' म्हटलं की थांबतो. घरी आणून आपण 'होऽ' म्हणतो आणि तो चालतच राहतो. मग 'बैल बहिरा निघाला' किंवा 'फसवलं' अशी तक्रार. तुम्हाला कन्नड येत असेल तर सोपा उपाय म्हणजे कन्नडच बोला, बैलाला भाषावादात ओढू नका. पण घरातल्या म्हाताऱ्या आईला, पोरांना मराठीच सोयीचं असेल तर शब्द बदलता येतो. क्रम असा:

1. नवा शब्द म्हणा: 'होऽ'.
2. एक श्वास थांबा.
3. जुना शब्द म्हणा: 'निंद्रु'.
4. थांबला की ढील आणि शाबासकी.

दिवसाला वीसेक वेळा. आठवड्याभरात तो दुसऱ्या शब्दाची वाट न बघता पहिल्यावरच थांबायला लागतो. सगळे हे उलटं करतात, आधी 'निंद्रु' आणि मग 'होऽ'. उलट्या क्रमात बैल 'निंद्रु'वर थांबलेला असतो, पुढच्या 'होऽ'मधून त्याला नवं काही कळायचं राहत नाही, म्हणून तो कानावरून जातो. महिनाभर म्हटलात तरी चिकटत नाही. पुढं येणारी गोष्ट जो आवाज आधी सांगतो तोच कामाचा.

टप्पा ४: जाणत्या बैलाशेजारी

बघून शिकण्याचा विषय इथं येतो. 'खोंड जाणत्याचं बघून नांगर शिकतं' असं सगळेच म्हणतात. पूर्ण खरं नाही. जाणता बैल कसा वळतो याचा अभ्यास करून खोंड वळत नाही. त्याला मिळतात त्या दोन गोष्टी. एक, शेजारचा निवांत आहे म्हणजे इथं भ्यायचं कारण नाही, हा दिलासा. गुरं कळपातली, भीतीही एकमेकांकडून घेतात आणि शांतपणाही. दुसरी, तो चालला की आपणही चालायचं, ही ओढ. एवढ्यानं अर्धं काम होतं, पण उरलेलं अर्धं तुमच्या कासऱ्याचंच असतं. दुसरा टप्पा न करता खोंड थेट जाणत्याच्या गळ्यात घातलं तर ते शिकत नाही, फरफटतं.

1. दोन दिवस खोंडाला वाफ्याच्या कडेला बांधा आणि त्याच्या समोर जाणत्याला जुंपून काम करा. साखळीचा खडखडाट, जुवाचा करकर आवाज कानाला ओळखीचा होऊ द्या.
2. रिकामं हलकं जू गोठ्यातच मानेवर ठेवा. शांत राहिलं की काढा. गोणपाटासारखंच.
3. मग जाणत्याशेजारी, मागं काही न जोडता. जुंपणी ढिली, चालणं सरळ, वळण मोठं.
4. बाजू ठरवा, डावी की उजवी. ठरली ती ठरली. बाजू बदलली की शब्द, वळणं, तुमची जागा सगळं उलटं होतं आणि खोंड गोंधळतं.

> सावधान: खोडीही शेजाऱ्याकडून येते. जाणता बैल वळणावर थबकणारा असेल तर खोंडही महिनाभरात थबकायला लागतं. घरचा बैल खोडीचा असेल तर उसना आणा.

आणि बांधावरची पोरं. त्यांचं बघून शिकणं बैलासारखं नसतं, ती खरोखर नक्कल करतात. मानसशास्त्रज्ञ बान्डुरानं १९६१ साली मोठ्या माणसाला बाहुली बडवताना बघितलेल्या लहान मुलांना तशीच बाहुली असलेल्या खेळण्यांत सोडलं, तर ती तशीच बडवायला लागली. पुढं १९६५ मध्ये असंही दिसलं, की बडवणाऱ्याला शिक्षा झालेली बघितली तर मुलं कमी बडवतात, पण विचारलं तर करून दाखवता येतं. म्हणजे शिकलेली असतातच, दाखवत नाहीत एवढंच. आमच्या घरातला सात वर्षांचा पोरगा वासराला दावं लावताना हुबेहूब माझ्या आवाजात एक शिवी हासडतो. मी ती त्याच्यासमोर कधी दिली ते मला आठवत नाही.

पडताळा: तीन दिवस लागोपाठ, सकाळी जू मानेवर येताना खोंडानं डोकं खाली घेतलं आणि उभं राहिलं, तर ओझ्याला हात घाला.

टप्पा ५: ओझं

आधी ओंडका, आणि तोही जुंपण्यापूर्वी हातानं खोंडाच्या मागून ओढून आवाज ऐकवा. मग जोडून वीस पावलं. मग वाफ्याची एक फेरी. ओंडका पाचसहा दिवस शांतपणे ओढला की हलका कुळव (ढेकळं फोडायचं अवजार), आधी दात न रुतवता. नांगर आणि गाडी दुसऱ्या हंगामाची कामं.

एका वेळी एकच गोष्ट वाढवा. ओझं वाढवलं त्या दिवशी वेळ कमी करा, जमीन बदलली त्या दिवशी ओझं कमी करा. लाल मातीत हलका वाटणारा कुळव चिकोडी-अथणीकडच्या काळ्या रानात दुप्पट जड लागतो.

खोंड अजून तयार असतानाच काम थांबवा. मोठ्या बैलालासुद्धा त्याच १९६५ च्या नियमांनी मर्यादा आहे: दिवसाला ९ तास, सलग ५ तास, आणि पारा ३७ अंशांच्या वर असेल तिथं दुपारी १२ ते ३ गाडीला किंवा ओझ्याला जुंपायचं नाही. नव्या खोंडाला तर अर्धा तास पुष्कळ. आपल्याकडं बऱ्याच घरांत सोमवारी बैल जुंपत नाहीत, ते शिकवणीच्या दृष्टीनंही चांगलंच. फक्त मंगळवारी शनिवार-रविवारपेक्षा एक पायरी खालून सुरू करा.

> आधी अंग बघा, मग स्वभाव: कालपर्यंत चालणारं खोंड आज अडलं तर काठी उचलण्यापूर्वी मान दाबून बघा. गरम लागतं का, सूज आहे का, आवाळू (जुवानं येणारी गाठ) धरायला लागलंय का. मग खुरात खडा, मग नाकाची जखम. दुखणाऱ्या मानेवर जू ठेवलंत की जुवाशी दुखण्याची जोडी बसते. आधीची सगळी मेहनत वाया.

टप्पा ६: रस्ता आणि आवाज

वाफ्यात शहाणं असलेलं खोंड डांबरी रस्त्यावर काहीच न शिकल्यासारखं वागतं. त्याच्या लेखी 'होऽ' हा शब्द त्या वाफ्यातला होता. रागावू नका. प्रत्येक नव्या जागी दुसऱ्या टप्प्याची पाच मिनिटांची उजळणी करा, लगेच आठवतं.

आपल्याकडचा खरा राक्षस म्हणजे उसाचा ट्रॅक्टर. दोन ट्रॉल्या, वर मोळ्या, टपावर कर्णा. गळीत हंगामात रस्त्यावर पावलोपावली. त्याची सवय अशी लावा:

1. रस्त्यापासून इतक्या लांब बांधा की ट्रॅक्टर आला तर खोंड मान वर करेल, पण खाणं सोडणार नाही. शंभर पावलं, दीडशे, जितकी लागतील तितकी.
2. आवाज ऐकू आला की समोर मूठभर पेंड. आवाज गेला की पेंड बंद. आवाज आधी, पेंड नंतर, हा क्रम मोडू नका.
3. ट्रॅक्टरच्या आवाजावर खोंड तुमच्या हाताकडं बघायला लागलं की दहा पावलं रस्त्याकडं.
4. एक दिवस जरी बिचकलं तर वीस पावलं मागं.

'एकदा रस्त्यालाच बांधून ठेवा, आपोआप भीड मोडेल' हा सल्ला बांधावरून नक्की मिळेल. दाव्याला हिसके देऊन थकलेलं खोंड गप्प उभं राहतं, पण ते शांत झालेलं नसतं. ज्या दिवशी दावं नसेल त्या दिवशी कळतं.

त्याच कारणानं पहिल्या वर्षी ज्येष्ठ पौर्णिमेच्या कर्नाटकी बेंदराला (बैलांच्या सणाला) खोंडाला मिरवणुकीत नेऊ नका. शिंगं रंगवा, पोळी घाला, घरासमोर ओवाळा. हलगी आणि फटाके पुढच्या वर्षी.

बिघडलेलं सरळ करताना

*बसणारा बैल.* जुवाखाली बसकण मारणारा बैल ही माणसानं बनवलेली वस्तू आहे. पहिल्यांदा तो दमून किंवा घसरून बसतो. आपण घाबरून जुंपणी सोडतो, पाणी पाजतो, सावलीत नेतो. मी नेमकं हेच केलं होतं. माझा बैल हौशा पहिल्या दिवशी अकराला बसला, तिसऱ्या दिवशी नऊला, आठव्या दिवशी जू बघूनच. उपाय: आजारी नाही, मान ठीक आहे याची खात्री करा. ओझं काढून टाका, पण जू तसंच राहू द्या आणि शेजारी गप्प बसा. मारू नका, शेपटी पिरगाळू नका, बोलूही नका. उठला की तीनच पावलं चालवा आणि लगेच सोडा, गूळ द्या. सुटका बसण्यानं होत होती, ती आता चालण्यानं होऊ द्या. हौशाला बारा दिवस लागले.

*गव्हाणीला शिंग आपटणारा.* आपटलं की आपण वैरण टाकतो, म्हणून आपटतो. बंद करायचं ठरवलंत की आपटणं आधी वाढतं, दोनतीन दिवस तर गव्हाण फोडेल असं वाटतं. इथंच लोक हरतात आणि एक पेंढी टाकतात. त्यानं जोरात आणि जास्त वेळ आपटायचं हे शिकवून होतं. कधीमधी मिळणारं फळ रोज मिळणाऱ्या फळापेक्षा चिवट सवय लावतं. त्यामुळं धरायचं तर शेवटपर्यंत धरा, घरातल्या सगळ्यांना सांगून. नाहीतर सुरूच करू नका.

*उधळणारा.* ओंडका सोडा, जोडी सोडा, टप्पा दोनवर या. उधळलेला बैल सापडला की त्याला तिथंच काही करू नका. शांतपणे चालवत आणा, वाटेत दोनदा थांबवा, दोनदा ढील द्या, आणि मगच गोठ्यात बांधा.

*दुसऱ्याच्या हातात न चालणारा.* यात बिघाड काही नाही, गुरं माणसं ओळखतात. ज्याच्या हाती द्यायचाय त्याला आठवडाभर वैरण घालू द्या, मग तुमच्या शेजारी चालत कासऱ्याचं टोक धरू द्या, मग तुम्ही दहा पावलं मागं राहा.

पावसाळ्यात चिखलणी जाणत्यांवर जाते आणि खोंडाचं काम दोनतीन महिने बंद पडतं. दसऱ्यानंतर पुन्हा काढाल तेव्हा थेट जू घेऊन जाऊ नका. म्होरकी, डावा खांदा, दोन बोटांत कासरा. पहिल्या दिवशी विसरल्यासारखं वाटेल, तिसऱ्या दिवशी ते तुमच्या आधी पाऊल टाकेल. तेव्हा तुमचा हात सैल असू द्या.